दुसरा आवाज

आमच्या घरात दोन माणसं बेसूर होती, आणि नेमके तेच माझे आईवडील होते. आमच्या वटार गावात एरवी गाण्याला तोटा नव्हता. लग्नाच्या मांडवात बायका तासन्‌तास गायच्या, चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेला पेटीवर गीतं व्हायची, शेजारच्या घरातला रेडिओ तर दूध यायच्या आधी सुरू व्हायचा. आमच्याकडे मात्र बाबा वाडीत काम करताना घुमायचे. गुणगुणायचे असं मला म्हणवत नाही, कारण गुणगुणण्यात थोडीतरी चाल असते. बाबा एक खालचा स्वर धरायचे, तो बराच वेळ तसाच ठेवायचे, मग दोन पायऱ्या उतरल्यासारखे खाली जायचे, गप्प व्हायचे, आणि आपण विसरलो की पुन्हा कुठूनतरी सुरू करायचे. राजेळीच्या दाट केळींमध्ये ते स्वतः दिसायचे नाहीत, नुसतं ते घुमणं इकडून तिकडे फिरायचं. चहा कुठे नेऊन द्यायचा ते आत्या त्यावरूनच सांगायची. "जा, तो बघ, बावखलाच्या अंगाला रेकतोय." बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं पावसाच्या पाण्याचं तळं, त्याच्या काठीच मोटरची खोली होती, तिच्याकडे मी पुढे येणारच आहे.

आईचं जरा बरं होतं, पण जराच. ती सुकेळी करताना गायची. राजेळी केळी पिकली की सोलून उन्हात मांडायची, दिवसातून दोनदा परतायची, ऊन उतरलं की गोळा करून झाकायची, सकाळी पुन्हा मांडायची. आठवडाभर असं केलं की केळं तांबूस, चिवट आणि मधासारखं गोड होतं. मग ते वाळल्या पानात बांधायचं. हे सगळं करताना आईचं तोंडातल्या तोंडात चाललेलं असायचं. तेही धड गाणं नव्हतं. थोडं वर जायचं, मध्येच अडायचं, पुन्हा तिथेच घोटाळायचं. शब्द तर कुठल्याच भाषेचे वाटायचे नाहीत. कधीकधी वाडीतून बाबांचं घुमणं ऐकू आलं की ती गप्पच व्हायची, आणि मग पहिल्यापासून सुरू करायची. मला वाटायचं, विसरली. ह्याच चालीवर तिने मला आणि माझ्या धाकट्या भावाला झोपवलं होतं, त्यामुळे ती मला पाठ होती, पण कुणी विचारलं असतं की हे कुठलं गाणं, तर मला सांगता आलं नसतं. आत्या म्हणायची, "देवाने जोडा बघून जमवला हो! दोघांत मिळून एक सूर नाही." आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली आणि घराची मालकीण झाली. तिच्या बोलण्यावर आई हसायची. बाबा खाली बघून भाकरी मोडायचे.

आमची घरातली बोली मी इथे लिहीत नाही, साधी करून लिहिते आहे. ती कागदावर बसत नाही, आणि बसवली तर निम्म्या वाचणाऱ्यांना कळणार नाही. माझ्याच भावाच्या मुलीला ती आता येत नाही, तर इतरांना काय दोष द्यायचा.

मी सोळा वर्षांची असताना आई काविळीने गेली. पंधरा दिवसांत सगळं आटोपलं. आमच्यात मागे राहिलेल्यांनी वर्षभर दुखवटा पाळायचा असतो. घरात लग्न नाही, नवे कपडे नाहीत, नाताळात गोडधोड नाही, आणि गाणंबजावणं तर अजिबात नाही. बाबांच्या सदऱ्याच्या खिशावर आत्याने काळी फीत टाचली. कुवेतहून काकांनी आणलेला टेपरेकॉर्डर कपाटावर होता, त्याच्यावर पांढरं फडकं टाकलं. भावाला वांद्र्याच्या बोर्डिंगमध्ये पाठवलं, कारण मुलग्याला सांभाळणं आत्याला जमणार नव्हतं. मग घरात आम्ही तिघं उरलो, आणि तिघांत मिळून दिवसाला दहा वाक्यं व्हायची. बाबा मला विचारायचे, "जेवलीस?" मी म्हणायची, "हो." ते म्हणायचे, "दार लाव." माझ्याशी ते कधी रागावून बोलले नाहीत. आई असताना आमच्यातलं बोलणं तिच्यामार्फत चालायचं, आणि ती गेल्यावर आम्हा दोघांनाही कळेना की थेट कसं बोलतात. मला त्या वर्षी जेवढं एकटं वाटलं तेवढं पुढे मस्कतच्या हॉस्टेलातही वाटलं नाही, आणि तिथे तर मला कुणीच ओळखत नव्हतं.

बाबांचं घुमणं मात्र चालूच होतं. उलट वाढलंच होतं. एकदा भांडी लावताना मी आत्याला विचारलं, "बाबांचं ते चालतं का दुखवट्यात?"

"ते म्हणजे काय?"

"वाडीत म्हणतात ते."

आई गेल्यापासून आत्या पहिल्यांदा हसली. "त्याला गाणं कोण म्हणेल गं? गाणं असतं तर मीच पहिली बंद केलं असतं!"

पावसाळा सरून ऊन तापायला लागलं तेव्हा इटलीहून पार्सल आलं. माझी मावशी, आईची धाकटी बहीण, सिस्टर झाली होती आणि तिकडच्या एका मठात होती. आईच्या मयताला तिला येता आलं नव्हतं. पार्सलमध्ये आशीर्वादित जपमाळ होती, आईच्या नावाने केलेल्या मिस्सेचं कार्ड होतं, बाबांच्या नावाने बंद पाकीट होतं आणि एक कॅसेट होती. कॅसेटच्या वेष्टनावर काळ्या कपड्यांतली आठ माणसं एका दगडी भिंतीसमोर उभी होती, बायका आणि पुरुष, कुणाच्याच हातात वाद्य नव्हतं. बाबांनी पत्र उभ्याउभ्याच वाचलं, घडी करून ट्रंकेत ठेवलं आणि कॅसेट घरातल्या अल्तारावर, मूर्तीच्या मागे ठेवून दिली.

"काय आहे त्यात?" आत्याने विचारलं.

"गायन आहे. जुनं."

"मग राहू दे तिथेच."

"हो," बाबा म्हणाले. "वर्षाची मिस्सा झाली की ऐकू."

वर्षाची मिस्सा व्हायला पाच महिने होते. मी चार दिवस थांबले.

दुपारी शेतीला लाईट असायची तेवढ्या वेळात वाडीला पाणी द्यावं लागायचं. बाबा केळींमध्ये फावड्याने पाट फिरवायचे आणि मी मोटरच्या खोलीत बसायची. पाणी तुटलं तर मोटर बंद करायची, एवढंच माझं काम. ती खोली म्हणजे चार भिंती, वर पत्रा आणि आत कानठळ्या बसवणारी मोटर. आत कुणी ओरडलं तरी बाहेर ऐकू जात नसे. धुण्याच्या टोपलीत कपड्यांखाली टेपरेकॉर्डर घालून मी तो तिथे नेला. कपाटावरच्या फडक्याखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला, उंचीला बरोबर बसला. सेल जुने होते, ते सकाळी सुकेळीबरोबर उन्हात तापवून घेतले. आई गेल्यावर सुकेळी मीच मांडत होते. एवढी अक्कल मी अभ्यासात वापरली असती तर डॉक्टर झाले असते.

मोटरच्या आवाजात ऐकायचं म्हणजे स्पीकरला कान चिकटवूनच बसावं लागे. पहिल्या दिवशी मला ते गाणं मुळीच आवडलं नाही. पेटी नाही, तबला नाही, ठेका नाही. एक बाई निघायची, ती वाक्य संपवते न संपवते तोच दुसरी तेच घेऊन निघायची, मग पुरुष, आणि कुणीच कुणासाठी थांबायचं नाही. आपल्या गाण्यात एक जण गातो आणि बाकीचे त्याला साथ देतात, हे मला माहीत होतं. इथे कोण गातंय आणि कोण साथ देतंय तेच कळेना. पुढे नर्सिंग शिकताना एका मल्याळी मैत्रिणीने मला समजावलं की हे चार-पाचशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं गाणं, आणि कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला जे होतं ते हल्लीच्या माणसांनी त्याहूनही जुन्या वळणावर रचलेलं. तेव्हा मला एवढंच वाटलं की मावशीने थंड देशातून थंड गाणी पाठवली.

तरी मी रोज ऐकत राहिले. दुसरं काही ऐकायला नव्हतं म्हणून, आणि माणसांचे आवाज होते म्हणून. त्या घरात मला माणसांचे आवाज हवे होते.

चौथ्या की पाचव्या दिवशी पहिल्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात मला आई ऐकू आली. आईचा गळा नव्हे, कुणा परदेशी बाईचा होता, स्वच्छ आणि तरुण. पण चाल आईची होती. थोडं वर जाऊन अडणारी, तिथेच घोटाळणारी, सुकेळी परततानाची ती चाल. आई जिथे अडायची तिथे दुसरी एक बाई वरून निघून जायची, आणि मग आईची चाल तिच्या मागून सुटायची. आई अडत नव्हती. ती वाट देत होती. मी टेप बंद केला, ओल्या फरशीवरच बसले आणि मोटर चालू होती म्हणून मोठ्याने रडले. मयताच्या दिवशीही मी एवढी रडले नव्हते. मग डोळे पुसले, कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा लावली.

महिनाभर मी रोज दुपारी ते एकच गाणं ऐकलं. बाकी सगळी ओलांडून तिथे जायची. दुसरा आवाज मला आधीच येत होता, आता तो गाण्यात कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तेही पाठ झालं. मी तोंडाने म्हणत नव्हते, दुखवटा होता. नुसती ओठ हलवायची. हे कुणालाही सांगितलं नाही. बाबांनाही नाही. मला वाटायचं, ह्या घरात आईचं एवढंच उरलंय आणि ते माझं आहे. बाबा दार लाव म्हणायचे आणि मी मनात म्हणायची, तुम्हाला काय माहीत मी दुपारी कुणाबरोबर असते.

मग एका दुपारी गाणं अर्ध्यावर असताना लाईट गेली.

मोटर घरघरत थांबली. टेप सेलवर होता, तो चालूच राहिला. इतके दिवस मोटरच्या घुमण्याखाली त्या गाण्यातला सगळ्यात खालचा आवाज दबला होता, तो मला कधी ऐकूच आला नव्हता. आता तो एकदम वर आला. एक खालचा स्वर, बराच वेळ धरलेला, मग दोन पायऱ्या खाली. बाबांचं घुमणं. आत्या ज्याला रेकणं म्हणायची ते, इथे ह्या गाण्याच्या तळाशी होतं, आणि बाकीचे तिघं त्याच्यावर उभे होते. मी टेप बंद करायला हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. आणि मग माझ्या लक्षात आलं की तो आवाज नुसता टेपमधून येत नाहीये.

बाबा दारात उभे होते. अंगात सदरा नव्हता, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात फावडं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. टेपकडे बघून गात होते. वाडीत ऐकलेलं तेच, पण आता शब्दांसकट, लॅटिनमध्ये, पूर्ण आवाजात. मी त्यांना असं छाती भरून गाताना कधी ऐकलं नव्हतं. गाणं संपलं तेव्हा बावखलावर एक पाणकोंबडी ओरडत होती, तेवढाच आवाज उरला.

मला वाटलं आता बोलणी बसणार. बाबा आत आले, फावडं भिंतीला टेकवलं आणि उंबऱ्यावर बसले.

"किती दिवस ऐकतेस?"

"महिना झाला."

"कपाटावर काय ठेवलंस?"

"बिस्किटांचा डबा."

त्यांच्या मिशा हलल्या. मग ते बोलायला लागले, आणि एवढं सलग ते माझ्याशी त्याआधी कधी बोलले नव्हते. त्यांच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. गोव्याचे एक म्हातारे मास्तर होते, त्यांनी गावातल्या चौघांना धरून हे गाणं बसवलं होतं, मोठ्या सणांना म्हणायला. आत्या तेव्हा सासरी होती, तिने ते कधी ऐकलं नव्हतं. कुणालाही नोटेशन येत नव्हतं, लॅटिन तर कुणालाच कळत नव्हतं. मास्तर प्रत्येकाला वेगळं घरी बोलवायचे आणि त्याचा आवाज त्याच्याकडून घोटून घ्यायचे. दुसऱ्याचा ऐकू द्यायचे नाहीत, नाहीतर सगळे वरच्याच चालीवर घसरतात म्हणून.

"पहिला तुझ्या मावशीचा. दुसरा तुझ्या आईचा. तिसरा शाळेतल्या गुरुजींचा, ते वारले. चौथा माझा. माझा सगळ्यात शेवटी निघतो. मास्तर बोटं मोजायला लावायचे. मी मोजायचो आणि तुझ्या आईकडे बघायचो, ती श्वास घ्यायची तेव्हा मला कळायचं."

"मग नंतर का नाही म्हटलं?"

"मिस्सा मराठीत झाली. बरंच झालं, लोकांना कळायला लागलं. मावशी मठात गेली, गुरुजी गेले. चौघांचं गाणं दोघांनी काय म्हणायचं? तुझी आत्या हसली असती." त्यांनी गुडघ्यावरचा चिखल खरवडला. "तुझी आई अंगणात म्हणायची आणि मी वाडीत. माझं ऐकू आलं की ती पहिल्यापासून घ्यायची, माझ्याबरोबर."

बाबांनी टेपकडे बोट दाखवलं. "मागे घे ते."

मी कॅसेट मागे घेतली, पण त्यांनी बटण दाबू दिलं नाही.

"टेप नको. दुसरा तुला येतो."

"नाही येत."

"येतो. तुझे ओठ हलत होते, मी पाहिलं. भांडी घासतानासुद्धा तुझं नाकातल्या नाकात चाललेलं असतं, तुला कळत नाही." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, सरळ बसले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मी श्वास कधी घेते त्याच्याकडे. "घे, बाय."

इथे मला खरं लिहिलं पाहिजे. ते मला येत होतं. पहिल्या स्वरापासून शेवटपर्यंत येत होतं. पण मी तोंड उघडलं नाही. मला राग आला होता. महिनाभर जे माझं एकटीचं होतं ते ह्यांचं निघालं, माझ्याही आधीपासूनचं. आणि रागापेक्षाही मोठी भीती होती. आईची जागा त्या गाण्यात मोकळी होती तोवर आई कुठेतरी होती; ती जागा मी घेतली असती तर ती गेली असती, आणि ह्या वेळेला तिला घालवणारी मी असते. हे सगळं मला आज शब्दांत सांगता येतंय. तेव्हा सोळा वर्षांच्या माझ्या तोंडून जे निघालं ते वेगळंच होतं.

"दुखवटा आहे ना, बाबा," मी म्हणाले.

मी म्हणाले! फडक्याखाली डबा ठेवून महिनाभर टेप वाजवणारी मी. बाबांचा हात छातीवर गेला, सदऱ्याचा खिसा असतो त्या जागी, जिथे फीत टाचलेली असायची. तिथे फक्त चिखल होता.

"हो," ते म्हणाले. "खरं आहे गं. मला राहवलं नाही."

ते उठले. फावडं घेतलं. लाईट आली तेव्हा ते केळींमध्ये शिरले होते आणि मी मोटर सुरू केली. त्या संध्याकाळी कॅसेट त्यांनीच अल्तारावर परत ठेवली, टेपरेकॉर्डरही फडक्याखाली गेला, आणि आत्याला शेवटपर्यंत काही कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात अर्नाळ्याची कोळीण आली. ती रोज टोपली घेऊन वाडीच्या कडेने यायची. मला बोंबील मोजून देताना म्हणाली, "तुज्या बापाचा घुमना बंद का झालाय गो? मना वाटला आजारी हाय."

तोवर माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. घरातल्या गप्पपणाची मला एवढी सवय झाली होती की त्यात आणखी एक आवाज कमी झाला हे मला बाहेरच्या बाईने सांगावं लागलं. मी हातातले बोंबील तसेच ठेवून वाडीत गेले. बाबा पानवेलीला बांध घालत होते. सुतळी दातात धरलेली होती. त्यांनी वर पाहिलं, सुतळी काढली आणि विचारलं, "जेवलीस?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी माझ्यावर राग धरला नव्हता हे मला ठाऊक आहे, आणि तेच मला जास्त लागतं. रागावले असते तर समजूत घालता आली असती. त्यांनी माझं बोलणं खरं मानलं. मुलगी आईचा दुखवटा पाळते आहे, आणि आपणच चुकलो, असं त्यांनी धरलं. आत्याने ज्याला गाणंसुद्धा मानलं नव्हतं ते मी गाणं आहे म्हणून बंद पाडलं.

वर्षाची मिस्सा झाली. आत्याने फीत काढली, कपाटावरचं फडकं काढलं, भाऊ बोर्डिंगमधून आला होता. घरी कोंबडीचं सुकं आणि तांदळाच्या भाकऱ्या झाल्या, वर्षभरानंतर साखर घातलेला शिरा झाला. जेवणं झाल्यावर बाबांनी कॅसेट लावली. आम्ही चौघं बाकावर आणि जमिनीवर बसून ऐकत होतो. तिसरं गाणं लागलं. मी ठरवलं होतं की बाबांनी सुरुवात केली की मी म्हणायचं. दुसरा आवाज आधी निघतो आणि चौथा शेवटी, हे मला माहीत असूनही मी ठरवलं होतं की आधी त्यांनी. पहिली बाई निघाली, दुसरी निघाली, पुरुष निघाला. बाबांची बोटं मांडीवर मोजत होती. मोजून झाली, आणि ते माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिले. गाणं संपेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांसाठी थांबलो होतो.

"चांगलं आहे," आत्या म्हणाली. "पण पेटी का नाही घेतली त्यांनी?"

त्यानंतर मी नर्सिंगला गेले, मग मस्कतला, आणि तिथे माझी सगळी नोकरी झाली. लग्न केलं नाही. करायचं नाही असं ठरवलं नव्हतं, राहून गेलं. सुट्टीत घरी यायची तेव्हा बाबा स्टेशनवर घ्यायला यायचे, बॅग हातातून घ्यायचे आणि विचारायचे, जेवलीस? मी दर वेळी ठरवून यायची की ह्या खेपेला वाडीत जायचं आणि नुसतं सुरू करायचं, काही न बोलता. मग घरात पाहुणे असायचे, भावाचं लग्न असायचं, कुणाचं तरी बारसं असायचं. ही कारणं आहेत, मला कळतं. मी शेकडो म्हाताऱ्यांचे हात धरून त्यांना धीर दिला आहे, आणि माझ्या स्वतःच्या बापासमोर चार ओळी म्हणायला मला सुट्टी पुरली नाही. ते गेले तेव्हा मी ड्यूटीवर होते. मयताला पोहोचले ते शवपेटी बंद करायच्या थोडं आधी.

त्यांच्या ट्रंकेत मावशीचं ते पत्र सापडलं. लहानसंच होतं. त्यात लिहिलं होतं की भावोजी, तिसरं गाणं आपलंच आहे, अचानक ऐकलं आणि मला जागेवरून उठवेना. एकट्याने ऐकू नका, बायला घेऊन ऐका. ताईने तिला झोपवताना तोच आवाज म्हटलेला आहे, तिला येत असणार. पत्राच्या घड्या फाटून चार तुकडे झाले होते, इतक्या वेळा ते उघडलं गेलं होतं.

आता वाडी नाही. भावाने अर्धी विकली, अर्ध्यावर त्याचा बंगला आहे. बावखल बुजवलं. मी विरारला, सहाव्या मजल्यावर राहते. खाली सुकेळी प्लास्टिकच्या डब्यात मिळतात. घेते, खाते आणि मत देत नाही. भावाची मुलगी कॉलेज सुटलं की कधीतरी येते, फोनमधलं काय काय शिकवते. मागच्या महिन्यात मी तिला सहज ते गाणं म्हणून दाखवलं, म्हणजे दुसऱ्या आवाजाची एक ओळ. तिने फोनमध्ये कुठेतरी दाबलं, काही वेळ शोधलं आणि ते गाणं माझ्यासमोर धरलं. एक नाही, वीस-पंचवीस मंडळ्यांनी गायलेलं. कुणी दगडी चर्चमध्ये, कुणी स्टुडिओत. आमच्या वटारच्या चौघांनी गायलेलं मात्र त्यात कुठे नाही.

"आत्या, हे बघ," ती म्हणाली. "हे प्रॅक्टिससाठी असतं. चार आवाज वेगवेगळे आहेत. आपल्याला नको तो बंद करायचा आणि तिथे आपण गायचं. कुठला बंद करू?"

"दुसरा," मी म्हणाले. मग म्हटलं, "थांब. पहिला आणि तिसराही कर. फक्त चौथा ठेव."

"मग गाणंच नाही राहणार, आत्या. नुसतं घूं घूं होईल."

"होऊ दे."

तिने करून दिलं आणि ती क्लासला गेली. दुपार होती, मोटर लावायची वेळ. दुसरा आवाज आधी निघतो, त्यामुळे सुरुवातीला फोनमध्ये नुसती शांतता असते. तेवढ्यात आपण निघायचं. मी खुर्चीत सरळ बसले, गुडघ्यांवर हात ठेवले आणि श्वास घेतला. सुरुवात ठीक झाली. चौथा आला, कुणा परक्या माणसाचा, भरदार, आमच्या बाबांपेक्षा कितीतरी शिकलेला. मी म्हणत गेले. आई जिथे वाट द्यायची तिथपर्यंत आले, आणि तिथे मी थांबले. नाकडोळे पुसून पुन्हा धरायला गेले तोवर तो पुढे निघून गेला होता.

मोटरच्या खोलीत बाबा माझ्यासाठी थांबले होते. हा थांबत नाही. मी फोनमधलं गाणं मागे घेतलं आणि पहिल्यापासून सुरू केलं.